चाळीस सेकंदांची सईबाई

चेन्नईत गिंडीतल्या त्या हॉटेलच्या पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि जनकोजीच्या नाकात आधी वास शिरला. भारी अत्तरं, नव्या गालिच्याचा गोंद आणि त्याच्या खाली दाबून बसलेला पुरुषांचा घाम. बाईमाणूस औषधाला नाही. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतले पलंग काढून टाकलेले आणि त्यांच्या जागी माणसापेक्षा उंच स्पीकर उभे केलेले. प्रत्येक दारावर कंपनीचं नाव, प्रत्येक दारापुढे रांग. रांगेतली माणसं देवळात उभी असावीत तशी गंभीर.

"मामा, चप्पल घासत चालूं नका," कौशिक हळूच म्हणाला. "लोक ऐकूंलागलेत इथे."

"ऐकूं दे की. चपलेचाही आवाजच तो."

जनकोजी एकसष्टचा. चाळीस वर्षं मैकसेटचा धंदा. चेन्नईत लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्याला मैकसेटवाला म्हणतात, आणि त्याला बोलावतात कौतुकाला नव्हे, शिव्या घालायला. लग्नात भोंगा किंचाळला की मैकसेटवाला. पुढाऱ्याच्या भाषणात खरखर आली की मैकसेटवाला. नीट वाजलं तर तो तिथे होता हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. अशा माणसाला या महागड्या ध्वनियंत्रांच्या शोचं निमंत्रण आलं होतं, गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर नाव छापून. कारण त्याच्या काखेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात टेपचं एक रीळ होतं.

त्या रिळावर त्याची थोरली बहीण सईबाई गायली होती.

सईबाई जाऊन वर्ष होत आलं. तंजावरकडच्या आपल्या मराठी घरांत पूर्वी बायका पदं म्हणायच्या. तसलं एक सहा कडव्यांचं पद तिला आईकडून आलेलं. लग्न होऊन दूर गेलेली मुलगी कावेरीच्या पाण्याला माहेरचं विचारते, आणि पाणी एकेका कडव्यात एकेक खबर देतं. सहाव्या कडव्यात खबर येते ती आई गेल्याची. हे अख्खं पद येणारी सईबाई शेवटची. बाकीच्यांना दोन कडवी, कुणाला नुसता पालुपदाचा सूर. भजनमंडळात चाळीस वर्षं ती मागच्या ओळीत बसली, हातात झांजा. पुढे बसायला कधी कुणी म्हणालं नाही. आजारी पडल्यावर तिनं भावाला एवढंच सांगितलं होतं, "जनका, मी गेलें तर गेलें. पद जाऊं नये. कायतरी कर रे."

म्हणून त्यानं स्वतः दुरुस्त केलेल्या जुन्या स्पूल मशीनवर ते रेकॉर्ड केलं होतं. आणि आज प्रतापसिंह नावाचा एक व्यापारी त्याची तीनशे ग्रामोफोन रेकॉर्डं काढणार होता. आज कागदावर सह्या. एक जनकोजीची, टेप त्याची म्हणून. एक कौशिकची, सईबाईचा मुलगा म्हणून. कौशिक बँकेत नोकरीला, अड्यारला राहायला, आणि हे सगळं त्यानंच जुळवून आणलेलं. आईचं नाव छापून यावं ही त्याची फार इच्छा. आई जिवंत असताना तिचं पद त्यानं कधी धड ऐकलं नव्हतं, आणि गेल्यावर ऐकायची हिंमत होत नव्हती. टेपवरून कॉपी करून घेतली तीही त्यानं कानाला न लावता प्रतापसिंहाकडे पाठवून दिली होती.

"या, या, जनकोजीराव! आपल्यांतलाच माणूस!" प्रतापसिंह दारात आला. हा मूळचा तंजावरचा मराठा. अड्यारला बाहेरदेशचे अँप्लिफायर आणि स्पीकर विकतो. दुकानात आजोबांचा पगडीतला फोटो मोठा करून लावलाय. एरवी इंग्रजी, मराठी फक्त सही घ्यायची असली की. "आपण जरा बसा, एक डेमो आटपतों, मग कागद करूं."

खोलीत पंचवीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. मधोमध एकच गुबगुबीत खुर्ची. तिथे बसलं तरच म्हणे आवाज खरा लागतो, म्हणून त्या एका खुर्चीसाठी भिंतीकडेनं वेगळी रांग. अड्यारात फ्लॅट येईल एवढ्या किमतीच्या स्पीकरांकडे निळ्या केबली गेलेल्या, मनगटाएवढ्या जाड. त्या गालिच्याला टेकू नयेत म्हणून दर हातभर अंतरावर त्यांच्याखाली लाकडाच्या छोट्या घोड्या. जनकोजी त्या घोड्यांकडे बघत राहिला. सईबाईच्या कॉटचा एक पाय मोडका होता, त्याखाली दोन विटा होत्या. इथे तारेला बसायला पाट होता.

"एसी बंद करा," प्रतापसिंह म्हणाला.

एसी बंद झाला. चेन्नईचा मार्च, पडदे बंद, पंचवीस पुरुष, आणि एसी बंद. का, तर त्याची घरघर मध्ये येते. दोन मिनिटांत खोली आंबली. कुणी हू की चू केलं नाही. जनकोजीला मात्र तो बंद होण्याचा आवाज ओळखीचा होता. बटण दाबल्यावर यंत्र दम सोडत थांबतं, तो आवाज. त्यानं डबा मांडीवर घट्ट धरला.

प्रतापसिंहानं हातातल्या टॅबलेटवर बोट ठेवलं.

आधी काहीच नाही. मग बांगडी वाजली. मग सईबाईनं श्वास घेतला. लांब, खालून खेचलेला, मध्ये अडकलेला, परत खेचलेला श्वास. मग पदाचा पहिला शब्द, दुसरा, आणि प्रतापसिंहानं बोट उचललं. बंद.

"ओहो!" खोली म्हणाली.

"तो श्वास!" कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं. "परत, परत लावा!"

परत लावलं. बांगडी, श्वास, दोन शब्द, बंद.

जनकोजीच्या शेजारी तिशीतला एक दाढीवाला बसला होता. रणवीर त्याचं नाव. पुण्याचा, इथल्या आयटी कंपनीत नोकरी, आणि इंटरनेटवर असल्या यंत्रांविषयी लिहिणारा. त्यानं वाईट लिहिलं तर माल पडून राहतो, म्हणून सगळे दुकानदार त्याला दबकून. हे काका कोण ते त्याला माहीत नव्हतं. तो आपुलकीनं सांगायला लागला, "काका, डोळे मिटून ऐका. दिसते ती. उभी आहे, डाव्या स्पीकरच्या दोन फूट आत. उंची म्हणाल तर पाच-चार, पाच-पाच. ओठ कुठे आहेत तेसुद्धा दाखवतो मी तुम्हाला." त्यानं हवेत बोट ठेवलं. "हे इथे."

सईबाई चार फूट दहा इंच होती आणि आडवी होती. रेक्झिनच्या चादरीवर, उशाला दोन लोड, आणि माइक सलाइनच्या स्टँडला नाडीनं बांधलेला.

"आणि तो ओलसरपणा ऐकला का?" रणवीर पुढे म्हणाला. "श्वासाच्या शेवटी, बारीक, बुडबुड्यासारखा? छातीतला कफ आहे तो. साध्या सिस्टमवर येतच नाही. इथे थेंब न् थेंब मोजता येतो." हे तो अशा चवीनं म्हणाला, जणू हापूसची पेटी फोडून वास घेतोय.

जनकोजीला वाटलं, याच्या मांडीवरच ओकावं, आणि सांगावं, मोज थेंब.

"पुढचं लावत नाहीत होय?" त्यानं विचारलं.

"पुढचं?"

"पदाचं. पुढचं."

रणवीर हसला. "काका, शोमध्ये कुणी अख्खं गाणं लावत नाही. जे ऐकायचंय ते या चाळीस सेकंदांत आहे. पुढे काय, गाणंच आहे."

पुढे काय, गाणंच आहे!

तासभर तो तिथे बसला. मधल्या खुर्चीत माणसं बदलत राहिली आणि सईबाईला दर वेळी धाप लागत राहिली. एक डॉक्टर होता, गळ्यातल्या पट्ट्यावर तसं लिहिलेलं; त्यानंही मान डोलावली. एकानं केबल बदलून तोच श्वास ऐकला आणि म्हणाला, आता जरा जास्त जवळ आली. एकानं डोळे पुसले. पण त्यानंही दोन शब्दांचा अर्थ काय असं विचारलं नाही. मराठी न कळणाऱ्यांचं सोडा. रणवीरला तर कळत होतं ना? पुण्याचा ना तो? त्यानंही विचारलं नाही.

कौशिक भिंतीला टेकून उभा होता, कान बंद करता येत नाहीत म्हणून डोळे मिटून. जनकोजीनं एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही.

शेवटी प्रतापसिंहानं दोघांना आत बोलावलं. आत म्हणजे न्हाणीघरात. खोलीत जागा नाही म्हणून हिशेब, चहा, सह्या सगळं तिथे. टबात रिकामी खोकी, कमोडवर झाकण टाकून त्यावर फाइल, आणि बेसिनच्या कडेला कागद मांडलेले.

"हे कव्हर बघा," तो म्हणाला. कव्हरवर देवळाचं गोपुर. वर इंग्रजीत 'ब्रेथ ऑफ तंजोर'. सईबाईचं नाव मागच्या बाजूला, मुंगीएवढं. त्याखाली यादी. एक: श्वास, वृद्ध स्त्री. दोन: काशाची घंटा. तीन: काचेचा ग्लास फुटताना. चार: गोदीतला इंजिनाचा भोंगा. अशी चौदापर्यंत.

"हे काय?" कौशिकनं विचारलं.

"टेस्ट रेकॉर्ड. सिस्टम तपासायला. सगळ्या मोठ्या घरांत जाणार हें. पहिला नंबर तुझ्या आईचा!"

"आणि पद?" जनकोजी म्हणाला.

"हेंच की. नंबर एक."

"हा श्वास आहे, प्रतापसिंह. पद सहा कडव्यांचं आहे. तुम्ही पद काढूं म्हणालांत. ह्या पोरासमोर म्हणालांत."

"होय सर, तुम्ही पूर्ण म्हणाला होतात," कौशिक म्हणाला. त्याचा आवाज चढला. "आईला काय काचेच्या ग्लासशेजारी बसवणार तुम्ही?"

व्यापारी माणूस, सही हातची जाते म्हटल्यावर लगेच वळला. "अरे, रागावतोस कशाला? सरि, बरं तर. दुसरी बाजू अख्खी पदाला देतों. पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कॉपी आहेच माझ्याकडे. किती मिनिटं आहे बघूं." त्यानं मोबाइलवर फाइल लावली. दोन महिने ही फाइल याच्याकडे होती, हजारदा वाजली असेल. चाळीस सेकंदांच्या पुढे तिला पहिल्यांदाच कुणी जाऊ दिलं.

न्हाणीघराच्या फरशांवर सईबाईचा आवाज आपटायला लागला. पहिलं कडवं ओढत ओढत. दुसऱ्यात दोनदा थांबली. तिसऱ्याच्या मध्यावर शब्द तुटला आणि खोकला सुरू झाला. तो खोकला थांबेना. मग जनकोजीचाच आवाज: "पुरे, अक्का, पुरे. राहिलेलं उद्यां." आणि खट्.

प्रतापसिंहानं मोबाइल उलटसुलट करून बघितला.

"एवढंच?" प्रतापसिंह म्हणाला. "हें अर्धंच की."

"मामा, उद्याचं कुठंय?" कौशिकनं विचारलं.

उद्या नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हॉस्पिटलात हलवली आणि नऊ दिवसांनी ती गेली. हे कौशिकला माहीत होतं. विचारून झाल्यावर त्याचंच तोंड उतरलं. "म्हणजे गेलं," तो म्हणाला. "पद गेलं."

आता इथे जनकोजीला नुसतं गप्प बसायचं होतं. बस्स, एवढंच. मान खाली घालून 'गेलं' म्हणायचं, सही करायची नाही, आणि घरी जायचं. कुणाला काही कळलं नसतं. पण काखेतल्या डब्यात, त्या रिळावर, या अर्धवट गाण्याच्या आधी आणखी एक गाणं होतं. पहिला टेक. सहाच्या सहा कडवी. डब्याच्या झाकणावर त्यानंच स्केचपेननं लिहून ठेवलं होतं: 'पहिलं – वेस्ट'. कॉपी करणाऱ्याला त्यानंच सांगितलं होतं, पहिलं सोड, दुसरं घे; अर्धं तर अर्धं, पण स्वच्छ. आणि ते वेस्ट का, ते वाजवलं की कौशिकला पहिल्या क्षणाला कळणार होतं.

पद जाऊं नये, असं ती म्हणाली होती. जनका वाचावा, असं म्हणाली नव्हती.

"आहे," जनकोजी म्हणाला. "ह्या रिळावर आहे. पूर्ण."

प्रतापसिंहाच्या चेहऱ्यावर दिवा लागला. ओरिजिनल टेप! असल्या लोकांना टेपचं वेड. रीळ फिरताना बघितलं की लाळ गळते. तो न्हाणीघरातून बाहेर गेला आणि खोलीला इंग्रजीत म्हणाला, सद्‌गृहस्थहो, जे अजून कुणी ऐकलं नाही ते आता ऐका, खुद्द मूळ टेप! बाहेरची रांग आत घुसली. माणसं गालिच्यावर बसली. रणवीरनं वही काढली. एसी परत बंद. कोपऱ्यातल्या स्पूल मशीनवर रीळ जनकोजीनं स्वतः चढवलं. टेप एका झटक्यात ओवली गेली. चाळीस वर्षांची सवय.

रीळ फिरलं.

घर्रर्र. घर्रर्र. घर्रर्र. आणि दर चार-पाच सेकंदांनी, फुस्स.

पहिल्या रांगेतल्याचं तोंड असं झालं, जणू ताटात झुरळ निघालं. "हम आहे, विजेची गुणगुण," कुणीतरी म्हणालं. "अर्थिंग तपासा!" "केबल सैल असेल, केबल!" प्रतापसिंह स्पीकरमागे धावला, वाकून प्लग दाबायला लागला. रणवीर म्हणाला, "नाही, टेपवरच आहे. मागे पंप चालू आहे कसला तरी. वाया गेलंय रेकॉर्डिंग."

प्रतापसिंहाचा हात बटणाकडे गेला. जनकोजीनं त्याचं मनगट धरलं. "हात लावूं नका."

"जनकोजीराव, माझी इज्जत जाते..."

"जाऊं दे. सहा मिनिटांची तर आहे."

आणि सईबाई गायला लागली. घर्रर्र चालू, फुस्स चालू, आणि त्यावर तिचा आवाज, म्हातारा पण भरलेला, अजिबात न अडकणारा. धाप नाही, ओढ नाही. शब्द सुटा सुटा. दुसऱ्या कडव्यात पाणी सांगतं, तुझ्या बहिणीला मुलगा झाला. तिथे तिनं सूर जरा मिरवला. चौथ्यात शेजारणीची चहाडी आहे, तिथे ती गातागाता हसली. मोठ्यानं नाही, शब्दातल्या शब्दात. मैकसेटवाल्यानं आयुष्यभर हजार गायक भोंग्यातून सोडले, पण असं हसू एकालाही जमलं नव्हतं. त्या दिवशी हेच ऐकताना तो काय करत होता? मीटरचा काटा बघत होता. काटा गाणं नसतानाही हलतोय म्हणून दात खात होता.

तिसऱ्या कडव्याला माणसं उठायला लागली. आधी दारापाशी बसलेली, मग मधली. पाय ओढत, माना हलवत, 'नॉइज, नॉइज' म्हणत. मधल्या खुर्चीसाठी पाऊण तास रांगेत उभा राहिलेला खुर्ची सोडून गेला. डॉक्टर गेला. पाचव्या कडव्याला खोलीत चौघेच उरले: जनकोजी, कौशिक, यजमान म्हणून अडकलेला प्रतापसिंह, आणि रणवीर. रणवीर कुतूहलानं थांबला होता.

सहावं कडवं. पाणी सांगतं, आई गेली, आता माहेराची वाट विचारूं नकोस. सईबाईनं ते सरळ म्हटलं, रडवं न करता, बाजारभाव सांगावा तसं. मग टेपवर तिचं बोलणं: "बरं आलं रे जनका. हेंच ठेव." आणि जनकोजी: "थांब अक्का, मशीनचा आवाज येऊंलागलाय. परत घेऊं."

पुढचं अर्धवट गाणं सुरू व्हायच्या आत जनकोजीनं रीळ थांबवलं.

"ही आमची मशीन," कौशिक म्हणाला. बँकेतून आल्यावर चार महिने तो रात्री त्या यंत्राच्या शेजारी चटई टाकून झोपला होता. झोपेतसुद्धा फुस्स मोजायचा. एक चुकलं तर उठून बसायचा. "ऑक्सिजनची मशीन. आईची."

"होय."

"मग दुसऱ्यात का नाही?"

जनकोजी डब्याच्या झाकणावरची अक्षरं अंगठ्यानं घासायला लागला.

"मामा. दुसऱ्या टेकमध्ये ही का नाही?"

"मी बंद केली."

"किती वेळ?"

"पांच मिनिटं म्हणालों. सहा झालीं असतील. मग खोकला लागला, तेव्हां लगेच..."

"कशासाठी?"

कशासाठी! जन्मभर लोकांनी म्हटलं, मैकसेटवाला, खरखर, किंचाळी. एकदा, फक्त एकदाच, काचेसारखं स्वच्छ रेकॉर्डिंग करायचं होतं, ज्यात त्याचा दोष कुणी काढू शकणार नाही. बहीण हातानं 'राहूं दे' म्हणून खुणा करत होती. त्यानं तिच्या नाकातली नळी काढून उशीवर ठेवली होती, बांगडीला अडकू नये म्हणून जपून, आणि बटण दाबलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आवाज येत होता."

"वॉव," रणवीर म्हणाला.

तो खरंच म्हणाला. पेन हातात, डोळे मोठे. "म्हणजे ती बॅकग्राउंडची शांतता... म्हणूनच एवढी काळी शांतता आहे त्यात! सर, ही स्टोरी कव्हरवर घ्या. सायलेन्ससाठी ऑक्सिजन बंद केला. जगात कुणाकडे नाही अशी स्टोरी."

आणि प्रतापसिंह! आपल्यातलाच माणूस! तो क्षणभर विचार करून म्हणाला, "कौशिक, तुला चालत असेल तर. एका बाजूला श्वास, दुसऱ्या बाजूला हें, मशीनसकट. लोकांना कळेल ना, शांततेची किंमत काय. आईचं नाव पुढे घेतों, मोठ्या अक्षरांत. बोल."

कौशिकनं न्हाणीघरातून तो कव्हरचा कागद आणला. जनकोजीला वाटलं, फाडतो. तो वाचत होता. आईच्या नावाची ती मुंगीएवढी ओळ वाचत होता. वाचून त्यानं कागद घडी करून प्रतापसिंहाच्या शर्टाच्या खिशात सरकवला, वर खिसा थोपटला. मग मशीनकडे गेला, रीळ काढलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं.

"कॉपी पुसून टाका," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

"पुसतों रे, पुसतों," प्रतापसिंह म्हणाला. "पण कालपासून लोकांनी पेनड्राइव्हवर नेलीय. शोमध्ये सगळे एकमेकांना देतात, तो रिवाजच आहे. समोरच्या खोलीनं घेतली, एका जर्मन माणसानं घेतली. तो उद्या विमानात बसेल."

कौशिक डबा घेऊन बाहेर पडला. जनकोजी मागे. रणवीर म्हणाला, "काका, एक मिनिट, तुमचा नंबर देता का?" जनकोजी थांबला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. चांगल्या घरचा, शिकलेला, स्वच्छ दातांचा पोरगा. चीड येण्याइतकीही जागा पोटात उरली नव्हती. "थू," तो म्हणाला, आणि खरंच थुंकला, त्या लाकडी घोडीवर ठेवलेल्या निळ्या केबलवर. पण थुंकून बरं वाटलं नाही. थुंकायचं खरं तर दुसऱ्याच कुणाच्या तोंडावर होतं, आणि ते तोंड त्याला रोज दाढी करताना दिसत होतं.

मजल्यावर दारं उघडमीट होत होती. समोरच्या खोलीत बांगडी वाजली आणि श्वास खेचला गेला. दोन दारं पलीकडे तोच श्वास, अर्ध्या सेकंदाच्या फरकानं. त्याच्यापुढच्या खोलीत आणखी एकदा. कुठेच तिसरा शब्द येत नव्हता.

लिफ्टपाशी कौशिक उभा होता, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"सहावं कडवं मी पहिल्यांदा ऐकलं," तो म्हणाला. मामाकडे न बघता. "शिकीन मी. येईल मला."

"येईल," जनकोजी म्हणाला.

"तुम्हांला येतं?"

"मी काटा बघत होतों रे."

लिफ्ट आली. आत सातआठ जण, गळ्यांत पट्टे, हातांत कागदी पिशव्या. कौशिक आत शिरला आणि वळला. दार मिटायला लागलं तसा त्यानं बूट मध्ये घातला. दार मागे सरलं. तो अंग चोरून, मामापुरती जागा करून उभा राहिला. आतला एकजण तमिळमध्ये कावला, "अय्या, यायचं तर या, नाहीतर सोडा!" दार परत मिटायला आलं, परत बुटाला लागून मागे गेलं.

"तूं जा," जनकोजी म्हणाला.

कौशिकनं बूट मागे घेतला नाही. आतली माणसं आता तीन-तीन भाषांत ओरडायला लागली. जनकोजीनं वाकून भाच्याचा बुटातला पाय आपल्या हातानं उचलून आत सरकवला, आणि जिना कुठे आहे ते बघायला लागला.